ट्रॅव्हलरची जहाज-पुस्तिका: बार्जवाल्याच्या पोराचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू अख्ख्या गेमचा नाय, फक्त जहाज बांधायच्या भागाचा, कारण गेले दोन महिने मी गेम कमी खेळलोय आणि जहाजंच जास्त बांधलीयत. गेम म्हणजे ट्रॅव्हलर, अंतराळातला रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एक कॅरेक्टर, म्हणजे पात्र घ्यायचं आणि त्याचं काय होतं ते फासे टाकून ठरवायचं), १९७७ ला अमेरिकेत निघालेला, एका डब्यात तीन छोट्या काळ्या पुस्तिका. त्यातली दुसरी पुस्तिका जहाजांची. नंतर नव्या आवृत्त्या बऱ्याच आल्या पण आम्ही चौघे गोव्यात फोंड्याला मित्राच्या गच्चीवर रविवारी खेळतो ते हे जुनेच नियम, पीडीएफवरून. ह्या गेमची एक गंमत सगळ्यांना माहीत असते की कॅरेक्टर बनवता बनवताच तो मरू शकतो, खेळ सुरू व्हायच्या आधीच. माझे दोन असेच गेले. तिसरा व्यापारी खात्यातून धडधाकट रिटायर झाला आणि त्याला फाशांवर चक्क जहाज मिळालं, फ्री ट्रेडर नावाचं छोटं मालवाहू जहाज. मी उड्या मारतोय तोवर रेफरी, म्हणजे आमचा खेळ चालवणारा, म्हणाला, खालची ओळ वाच. खालच्या ओळीत चाळीस वर्षांचे हप्ते.

आमच्या घरी बार्ज होती, नदीतून माल न्यायची सपाट बोट. साखळीच्या बाजूने खनिज भरायचं, मांडवीतून खाली मुरगावला न्यायचं, मोठ्या जहाजात ओतायचं, रिकामी बार्ज परत वर. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडावरचा वाळूचा बांध अडवायचा तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि बार्ज धक्क्याला लागली ती लागलीच, बँकेचा हप्ता मात्र कुठल्याच धक्क्याला लागला नाय. त्यामुळे पुस्तिकेत "बँक फायनान्सिंग" हे हेडिंग दिसलं तेव्हा मी जरा सावरून बसलो.

हिशेब असा. जहाजाच्या रोख किमतीचे २० टक्के आधी भरायचे, मग किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० महिने. म्हणजे शेवटी किमतीच्या २२० टक्के. दुसऱ्या गेममध्ये तुम्हाला राक्षस मारायचा असतो, इथे एक तारखेचा हप्ता.

आता बांधणी. सगळं टनांत मोजतात पण हा टन वजनाचा नाय, जागेचा. १ टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा घेतो तेवढी, १४ घनमीटर, कारण जहाजाचं इंधन हायड्रोजन आणि तो भयंकर हलका. हे ऐकून पोरं गोंधळली, मला काय वाटलं नाय कारण बार्जेच्या कागदावर ग्रॉस टन असतो तोही जागेचाच असतो. पण ह्याच्यामुळे एक गोष्ट खटकते ती म्हणजे होल्डमध्ये (माल भरायच्या जागेत) कापूस भरा नायतर लोहखनिज भरा, भाडं टनाला १००० क्रेडिट (गेममधला पैसा) आणि जहाज दोन्हीला सारखंच पळतं. आमच्याकडे खनिजाने होल्ड अर्धा दिसायचा आणि बार्ज मात्र पाण्याला टेकलेली.

पुस्तकातला तयार फ्री ट्रेडर २०० टनांचा. इंजिनं सगळी मिळून १५ टन, इंधन ३०, ब्रिज (जहाज चालवायची खोली) २०, कॉम्प्युटर १ टन (एक टन म्हणजे १४ घनमीटर, १९७७ चा कॉम्प्युटर आहे, समजून घ्या), खोल्या दहा प्रत्येकी ४ टनांच्या, गोठवून न्यायच्या प्रवाशांच्या पेट्या वीस प्रत्येकी अर्ध्या टनाच्या, तोफांसाठी २ टन, आणि उरलेले ८२ टन माल. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. जंप-१, म्हणजे एका उडीत एक पार्सेक, सव्वातीन प्रकाशवर्षं, आणि अंतर किती का असेना उडीला लागतो साधारण एक आठवडा. मग एक आठवडा बंदरात. महिन्याला दोन फेऱ्या धरा.

मी म्हटलं हे डिझाइन कुणा हौशी माणसाने केलंय, माल वाहायच्या जहाजात दहा खोल्या कशाला? माझी कॅरेक्टर, माझी अक्कल, रेफरीकडून परवानगी काढली की मिळालेल्या जहाजाच्या जागी मी माझं बांधून घेणार, त्याच हप्त्याच्या नियमावर. म्हापश्याच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो तेव्हा ग्राफपेपरचा गठ्ठाच आणला. एक चौकट दीड मीटरची, दोन चौकटी म्हणजे एक टन, म्हणजे अख्खं जहाज ४०० चौकटी. तोफा उडवल्या, गोठवायच्या पेट्या उडवल्या, खोल्या सातवर आणल्या. माल १०६ टन! रात्री दीड वाजता मी स्वतःवर एवढा खुश होतो की व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपला फोटो टाकला.

सकाळी किंमत काढली. एवढं सगळं काढून टाकून पण जहाज महाग झालं, ३ कोटी ८५ लाख. कारण तयार नकाशावरचं जहाज १० टक्के स्वस्त मिळतं आणि स्वतः काढलेल्याला ती सूट नाय, वर नकाशावाल्या आर्किटेक्टला १ टक्का फी. हप्ता १,५४,५०० होता तो १,६०,००० च्या वर गेला. ठीक आहे म्हटलं, माल जास्त आहे की.

मग बाबांनी कागद बघितला. सोप्यावर चहा पीत होते, मी ग्राफपेपर तिथेच पसरलेला. चष्मा लावून पाच मिनिटं बघत बसले आणि विचारलं ते एवढंच, "टनाला काय सुटतं?" मी म्हटलं हजार. "आणि माणसाला?" पहिल्या वर्गाचं तिकीट १०,०००, खोली ४ टनांची. "म्हणजे टनाला अडीच हजार. आणि ते पेटीतले?" हजार, अर्ध्या टनात. बाबा काय बोलले नाय, चहा संपवला. मी तिथेच समजलो, मी जहाजातली सगळ्यात कमी कमाईची जागा वाढवून ठेवली होती कारण आमच्या घरात जहाज म्हणजे होल्ड.

चार खोल्या खलाशांच्या सोडून बाकी पूर्ण भरलं तर पुस्तकातलं जहाज एका फेरीला १,६२,००० आणतं, माझं १,३६,०००. त्यातून हप्ता, चार खलाशांचा पगार महिन्याला १५,०००, प्रत्येक खोलीची हवापाण्याची व्यवस्था फेरीला २०००, इंधन टनाला ५००, वर्षाची डागडुजी. सगळं मांडलं तर पुस्तकातलं जहाज तीन चतुर्थांश भरलं की खर्च सुटतो, माझं ८५ टक्के भरावं लागतं. दर फेरीला. जाताना आणि येताना दोन्ही. बाबांचा दुसरा प्रश्न तोच होता, "परतीला काय भरतोस?" आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते फासे ठरवतात. चार सेशन खेळलो, दोनदा होल्ड निम्मा रिकामा, तिसऱ्या महिन्याला हप्ता चुकला आणि आता आमच्या मागे वसुलीवाले लागलेत. खेळायला मजा येतेय पण! बाकीचे पोरगे लढाया विसरले, सगळे बसून विचार करतात की स्वतःच्या पैशाने माल घेऊन पुढच्या ग्रहावर विकायचा का. आणि खरंच ह्या छोट्या जहाजांना जगवतं तेच, नुसत्या भाड्यावर भागत नाय.

तक्रारी आहेत. वीजयंत्राचं इंधन जहाजाच्या आकाराशी जोडलेलंच नाय, १०० टनांचं असो की हजार टनांचं, पॉवर १ ला (सगळ्यात कमी ताकदीला) १० टन लागतात म्हणजे लागतात, ह्याला काय अर्थ नाय. कॉम्प्युटरचे २० लाख देऊन वर जास्तीचे प्रोग्राम वेगळे विकत घ्यायचे, उडीचा रस्ता स्वतः काढता येत नसेल तर एकदा वापरून आपोआप पुसली जाणारी कॅसेट घ्यायची. कॅसेट! तक्ते पण असे पसरलेत की बोट एका पानावर आणि डोळा दुसऱ्यावर. फुकट इंधनाचा मोह पण जपून, वायूच्या मोठ्या ग्रहावरून तुम्ही स्वतः हायड्रोजन भरून घेऊ शकता, महिन्याला २५,००० वाचतात, पण ते अशुद्ध आणि इंजिन बिघडलं तर भलतीकडेच जाऊन पडाल. आम्ही दोनदा केलं, दोनदा वाचलो, तिसऱ्यांदा माझी हिंमत नाय.

कोणी घ्यावं? ज्याला जहाजावर तोफा मोजायच्यात त्याने नको, कंटाळेल. ज्याच्या घरात कधी ट्रक, टेम्पो, ट्रॉलर, बार्ज काहीही कर्जावर होतं त्याने डोळे झाकून. पाचपैकी चार, एक स्टार त्या दहा टनांसाठी कापला.

आता नवीन कागदावर काढतोय. पेट्या परत घातल्या. त्यातला प्रवासी उठवताना मरू पण शकतो, आणि त्या लोकांची आपसात लॉटरी असते की किती जण जिवंत उठतील, जिंकणाराच मेला तर पैसे कॅप्टनला. हे बाबांना वाचून दाखवलं तर एवढे हसले की आई बाहेर आली. मग पेन्सिल घेऊन इंजिनरूमला दोन चौकटी वाढवून दिल्या त्यांनी, आमच्या बार्जेत वाकूनच काम करावं लागायचं म्हणून. दोन चौकटी म्हणजे एक टन माल गेला, पण खोडल्या नाय मी.