कोरियन सर्टिफिकेट कोर्स: गावातून केला, माझा अनुभव

विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स आत्ताच संपला, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात बसून केला म्हणून लिहून राहिलो. लिपी आठ दिवसात येते बरं का, हांगुल म्हणतात, सेजोंग राजानं १४४३ मध्ये बनवली, १४ व्यंजनं अन् १० स्वर, बस. अन् क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येते, त्यामुळे वाक्य मराठीतूनच मनात जुळते, इंग्रजीतून शिकाल तर उलट अडकान. मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूपच बदलते, हे मॅडमनं फार जीव लावून शिकवलं. छुसक सणाच्या तासाला तर मजाच आली, पौर्णिमेचा सण, तांदळाच्या पिठाचे सोंगप्यॉन करतात, आत तिळाचं सारण अन् पाइनच्या पानांवर वाफवतात, माय म्हणे हे तं आपले मोदकच!

तक्रार एकच, क्लास संध्याकाळी ७ ला अन् आमच्याकडं लाइन तेव्हाच जाते, रेकॉर्डिंग मागून मागून थकलो, ते द्यायलाच पाहिजे होतं, खेड्यातल्या पोरांनी काय करावं? ऐकायचा सराव म्हणूनच कच्चा राहिला. टोपिक म्हणजे कोरियन भाषेची परीक्षा, तिच्या ६ लेव्हल असतात, पहिलीपुरती तयारी होते. ५ पैकी ४.