चारही ‘आर’ अक्षरांचा टवका एकाच जागी उडालेला

१,३९४ डॉलर. त्यातले १,३२० टाइपचे, म्हणजे छपाईच्या जुन्या लाकडी अक्षरांचे, आणि ७४ टपालाचे. लेझरने कापून वर रंग फासलेल्या लाकडाच्या तुकड्यांसाठी मी एवढे पैसे मोजले. सांगायची लाज वाटते, तरी लिहितेय, कारण हा माल अजून विकला जातोय.

जाहिरातीत होतं: फ्रेंच क्लॅरेंडन वळणाचा संच, दहा लाइन मापाचा, ९२ नग, विल्यम पेजच्या कनेटिकटमधल्या कारखान्यातला, १८७०च्या सुमाराचा. कॅपिटल ए (A) या अक्षरावर पेजचा शिक्का. अमेरिकन लाकडी टाइपमध्ये शिक्का बहुधा ‘ए’वरच असतो, हे ठाऊक असलेल्या माणसानेच ती लिहिली होती. मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. जुन्या कॅटलॉगच्या प्रती काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं आणि सगळं जुळलं. जुळणारच, नक्कल अस्सल संचावरूनच काढली होती! शिवाय त्या काळचे कारखाने एकमेकांची वळणं सर्रास उचलत. वळण ओळखलं म्हणजे कारखाना ओळखला, असं समजू नका.

आता जाहिरातीतला तो फोटो. चार आर (R) ओळीने मांडलेले आणि चारींच्या उजव्या पायाच्या टोकाला टवका उडालेला. त्याच जागी, त्याच मापाचा. मला तो दिसला होता, हेच सहन होत नाही. दिसला आणि मीच त्याला कारण शोधून दिलं: हे टाइप पँटोग्राफवर, म्हणजे नमुन्याची रेघ गिरवत तसाच आकार कापणाऱ्या यंत्रावर कापत, तेव्हा नमुन्यातच खोट असेल तर ती प्रत्येक आरमध्ये उतरणार. तर्क चुकीचा नव्हता. पण तो टवका कापण्यातला नव्हताच, आपटून उडालेला होता, कडा फाटलेली दिसत होती. चार वेगळे टाइप अगदी तसेच आपटत नाहीत. कुणीतरी एक जुना आर स्कॅन करून चार काढले होते.

पार्सल आल्यावर ई (E) या अक्षराचे आतले कोपरे भिंगाखाली धरले. लाकूड कोरणाऱ्या रूटर यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे कोपरा गोलसर राहतो आणि मग कारागीर तो सुरीने साफ करतो, सुरीची खूण कुठे ना कुठे सापडते. इथे प्रत्येक कोपरा सुईसारखा आणि खाली करपलेली कड. छापायच्या पृष्ठावर मेपलचा आडवा छेद, म्हणजे वर्षवलयं दिसायला हवीत. इथे फळीसारख्या लांब रेषा होत्या. ‘ए’ तेवढा खरा निघाला, बाकी ९१ खोटे. उंची, म्हणजे तळापासून छापायच्या पृष्ठापर्यंतचं ठरलेलं माप, मात्र बरोबर ०.९१८ इंच. उंचीवर अजिबात विसंबू नका, ती कुणालाही साधते.

किंमत १,३८० होती. पैसे घरगुती व्यवहार म्हणून पाठवले तर ६० कमी करतो, विक्रेता म्हणाला. पाठवले. तसे कधीही पाठवू नका.

पैसे पाठवणाऱ्या कंपनीने दोन ओळींत कळवलं, अशा व्यवहाराला संरक्षण नाही. विक्रीच्या साइटने सांगितलं, पैसे आमच्यामार्फत गेले नाहीत. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. तक्रार घेणाऱ्या खात्यात तीन आठवडे खेटे घातल्यावर विचारणा झाली: माल बनावट असल्याचं मूळ उत्पादकाचं पत्र आहे का? पेजचा कारखाना १८९१ साली हॅमिल्टन या दुसऱ्या लाकडी टाइपच्या कंपनीने घेतला, पत्र आणू कुणाकडून? मी ईचे आणि आरचे मोठे केलेले फोटो, मोजमापं, सगळं जोडलं होतं. कुणी उघडूनही पाहिलं नाही. ‘पुराव्याअभावी बंद’ असा शेरा आला. पुरावा माझ्या टेबलावर पडलाय, या आणि बघा!

घेण्याआधी एकाच अक्षराचे सगळे नग शेजारी ठेवलेला फोटो मागा, तिरप्या उजेडात. बाजूचा आणि तळाचाही. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

काल रात्री नवी जाहिरात दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, किंमत १,१५० डॉलर, कारखाना या वेळी हॅमिल्टन. तिसऱ्या फोटोत चार आर आहेत आणि चारींच्या उजव्या पायाला तोच टवका.