जुन्या स्पीकरला नवीन रबर : लॅमिंग्टन रोडचा अनुभव (४/५)

बाबांचे वीसेक वर्षं जुने बुकशेल्फ स्पीकर बेस आला की फरफर करायला लागले होते, मला वाटलं आतली तारेची कॉइल गेली, आता भंगारातच, पण जाळी काढून बघितलं तर वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कडेचा फोम हात लावला की काळ्या चिकट भुग्यासारखा सुटत होता. मुंबईच्या दमट हवेत फोम टिकत नाहीच म्हणा.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानात नेले. दुकानातल्या काकांनी वूफरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा पडदा, बोटांनी हळूच आत दाबला, कानाजवळ धरला आणि म्हणाले, "कॉइल घासत नाहीये, कडाच बदलू, रबराची टाका." दोन्हीचे १२०० घेतले. काम एकदम साफ, गोंदाचा ओघळ कुठेच नाही. पण चार दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि फोन उचलत नाहीत, एक स्टार त्याचा कापला.

घरी लावले तर बेसच गायब! काकांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, मग बघतो तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी मीच उलट्या जोडलेल्या, एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, बेस येणार कुठून. वायरी सरळ केल्या, स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढले, खाली विटा आणि जुने माउसपॅड घालून ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणले. आता डग्ग्याची घुमक वेगळी कळते, आधी नुसतं घुंघुं व्हायचं. आई मात्र विचारतेय, विटा कधी काढणार.