खेळणं संपलं, आता कोचिंग : मेनिंगाचा रस्ता की बेलमीचा?

माझ्या भाच्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वय २४, इथे सिडनीत पॅरामॅटाच्या बाजूला लहानपणापासून रग्बी लीग खेळतोय (तेरा जणांचा खेळ, सहा टॅकलमध्ये काय ते करा नाहीतर बॉल समोरच्यांना द्या). आता एका क्लबने विचारलंय की आमच्या मुलांच्या टीमचा हेड कोच होतोस का, आणि दुसरीकडे एका अनुभवी कोचच्या हाताखाली असिस्टंट म्हणून जायची संधी आहे. मामा, काय करू? म्हटलं आधी कॅनबरा रेडर्स या क्लबच्या एकाच ड्रेसिंग रूममधून निघालेल्या दोन माणसांकडे बघ.

मॅल मेनिंगा आणि क्रेग बेलमी. दोघं रेडर्सचा कोच टिम शीन्सच्या टीममध्ये एकत्र होते. मेनिंगा म्हणजे राजा माणूस, ऑस्ट्रेलियाकडून ४६ टेस्ट, १९८९, १९९० आणि १९९४ ला रेडर्सची प्रीमियरशिप (म्हणजे लीगचं टायटल), शेवटच्या फायनलमध्ये कॅप्टन म्हणून खेळून स्वतः ट्राय (या खेळातला गोल म्हणा) मारून क्लबमधून निवृत्त. बेलमी त्याच टीममधला जिथे कमी तिथे उभा राहणारा खेळाडू, १९८२ ते १९९२ सगळं करिअर तिथेच, स्टार कधीच नाही.

मेनिंगाला १९९७ ला थेट रेडर्सचीच हेड कोचची खुर्ची मिळाली, असिस्टंट वगैरे भानगड नाही. पाच सीझन केले, टायटल सोडा, टीम ग्रँड फायनललाही पोचली नाही. बेलमीचं उलटं. खेळणं संपल्यापासून स्वतःची टीम मिळेपर्यंत दहा वर्षं गेली, त्यातली शेवटची काही ब्रिस्बेन ब्रॉंकोजमध्ये वेन बेनेटच्या हाताखाली. २००३ ला मेलबर्न स्टॉर्म ही टीम मिळाली, तीही अशा शहरात जिथे लोक एएफएलशिवाय (ऑस्ट्रेलियाचा वेगळा फुटबॉल) दुसरं काही बघत नाहीत, आणि तिथे त्याने २०१२, २०१७, २०२० अशी तीन टायटल घेतली. त्याआधीची २००७ आणि २००९ ची सॅलरी कॅपच्या (खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) घोटाळ्यात काढून घेतली गेली, २०१० चा उरलेला सीझन टीम शून्य पॉइंटवर खेळली. कितीही मॅच जिंका, टेबलवर शून्य. अशा वर्षात पोरांना रोज ट्रेनिंगला उभं करणं आणि दोन वर्षांत परत टायटल आणणं, माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

पण मग कोणी म्हणेल बेलमीच भारी, विषय संपला. थांबा. २००८ ते २०१० तो ओरिजिनमध्ये (न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांची दरवर्षीची सिरीज) न्यू साउथ वेल्सचा कोच होता आणि तिन्ही सिरीज हरला, आणि समोर कोण तर मेनिंगाची क्वीन्सलँड, ज्यात कॅमेरॉन स्मिथ आणि बिली स्लेटर, म्हणजे बेलमीने स्वतः स्टॉर्ममध्ये घडवलेली पोरं! मेनिंगाने २००६ ते २०१५ मध्ये दहापैकी नऊ सिरीज जिंकल्या, पुढे ऑस्ट्रेलियाला २०१७ आणि २०२२ चा वर्ल्ड कप दिला. म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. ओरिजिनला तयार खेळाडू थोड्या दिवसांसाठी मिळतात, तिथे त्यांना ती जर्सी म्हणजे काय ते आतून जाणवून देणारा माणूस लागतो, आणि मेनिंगा खोलीत आला की ते आपोआप होत असणार. क्लबमध्ये मात्र नोव्हेंबरच्या उन्हात (इथे तेव्हा उन्हाळा) तेच ड्रिल दोनशे वेळा करून घ्यायचं असतं. स्टॉर्ममध्ये नवीन आलेल्यांना आधी अंगमेहनतीच्या कामावर पाठवायची पद्धत प्रसिद्ध आहे.

त्याच रेडर्समधला तिसरा रिकी स्टुअर्ट, तो हेड कोच म्हणून पहिल्याच वर्षी, २००२ ला, सिडनीच्या रूस्टर्स क्लबला टायटल देऊन बसला, म्हणून भाचा म्हणतो की थेट उडी मारूनही होतं की. होतं, पण त्यानंतर क्लब लेव्हलला त्याला परत टायटल मिळालेलं नाही, आणि २०१३ ला आमच्या पॅरामॅटाच्या टीमला घेऊन टेबलच्या तळाला गेला ते इथल्या लोकांच्या चांगलं लक्षात आहे.

भाच्याकडे मेनिंगाचं नाव नाही. तो काही बोलायच्या आधी पोरं गप्प बसणार नाहीत, त्याला ते कमवावं लागेल, म्हणून मी त्याला असिस्टंटचंच सांगितलंय. मात्र कोण शिकवणार हे बघूनच. बेलमीच्या हाताखालून मायकल मॅग्वायर निघाला आणि २०२५ च्या ग्रँड फायनलला ब्रॉंकोजकडून त्याने बेलमीलाच २६-२२ हरवलं, असिस्टंटला खरंच काम देणारा बॉस असला की असं होतं. तर भाच्या, हो म्हणायच्या आधी त्या कोचला विचार, डिफेन्सचं ट्रेनिंग मला पूर्ण देणार का? व्हिडिओ मीटिंगमध्ये मी बोलू शकतो का? का नुसते मैदानावर प्लॅस्टिकचे कोन मांडायचे आणि पाण्याच्या बाटल्या भरायच्या? उत्तर बाटल्या असेल तर मग सरळ मुलांची टीम घे, आणि फिजिओ हो म्हणेपर्यंत ड्रिल स्वतः करून दाखवू नकोस.