फिशफाइंडरचा सेन्सर: मागच्या फळीवर की बुडाच्या आत?

वीस फुटी फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, बॅटरी 12 व्होल्टची. फिशफाइंडर म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्याचा सेन्सर कुठे बसवायचा: बाहेर मागच्या फळीवर, की आत बुडाला चिकटवून?

खर्चात फारसा फरक नाही. बाहेर बसवायला स्टेनलेस स्क्रू आणि मरीन सीलंट लागतं, आत चिकटवायला संथ सुकणारं इपॉक्सी.

खरा फरक टिकाऊपणात आहे. होडी रोज वाळूवर ओढत असाल तर बाहेरचा सेन्सर कधीतरी तुटणारच. शिवाय त्यावर शेवाळ आणि कालवं धरतात, ती खरवडावी लागतात. स्क्रूच्या भोकांत सीलंट नीट भरलं नाही तर फळीच्या आतलं लाकूड कुजतं, आणि ते उशिरा कळतं. आतल्याला यातलं काहीच नाही.

पण चित्र बाहेरचाच चांगलं देतो. आतल्याचा थोडा सिग्नल फायबर खातं, पाण्याचं तापमान मिळत नाही, साइड स्कॅन (होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र) तर विसराच. बुडात फोम किंवा प्लायवूड असेल, किंवा इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहिला, तर तळच दिसत नाही. म्हणून चिकटवण्याआधी बुडाच्या आत पाणी भरलेली पातळ प्लास्टिक पिशवी ठेवून, तिच्यावर सेन्सर टेकवून तपासा. चिकटवलेला काढताना बहुधा मोडतो!

वायरिंग दोन्हीकडे सारखंच: बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ कंपनीने सांगितलेला फ्यूज, कथील चढवलेली तांब्याची वायर, सेन्सरची केबल इंजिनच्या वायरींपासून लांब. उरलेली केबल कापू नका.

किनाऱ्यावर ओढायची, सलग फायबरच्या बुडाची होडी असेल तर आत. वाळूवर न ओढता खाडीत नांगरून ठेवत असाल आणि शेवाळ खरवडायची तयारी असेल, किंवा खडकाळ तळावरचे मासे बारकाईने पाहायचे असतील तर बाहेर.