जर्मनीत तीन महिने: घरचा कुकर की तिथला राइस कुकर?

ऐरोलीहून प्रोजेक्टवर जाणाऱ्यांचा हा नेहमीचा पेच. खर्चात घरचा कुकर सरस, पण आधी बुडाला फ्रीजवरचं मॅग्नेट लावून बघा. चिकटलं नाही तर तिथल्या इंडक्शनवर तो तापणारच नाही. नुसत्या ॲल्युमिनियमचा तर घरीच ठेवा. बॅगेत जागा फार खातो, म्हणून आत मोजे-रुमाल कोंबा. जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवेतच.

राइस कुकरला शेगडी लागत नाही. भात, मूग, मसूर छान. तूरडाळ मात्र भिजवूनही कणीदार राहते. तो तिथेच घ्या: व्होल्टेज इथल्यासारखंच २३०, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही.

वरणाशिवाय जेवण न जाणाऱ्याने घरचा कुकर न्यावा. खोलीत शेगडीच नसेल, तर राइस कुकर.