विंडोजचं पेनड्राइव्ह ऑडिट: नोंद चोख, गाळणी मात्र आपल्याला लावावी लागते

पेनड्राइव्हवर कोणी काय नेलं हे कळावं म्हणून पणजी-म्हापशातली सीए कार्यालयं आणि कळंगुटची हॉटेलं महागडं सॉफ्टवेअर शोधत बसतात. त्याआधी विंडोजमधलंच 'ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज' हे, पेनड्राइव्हवरच्या फाइलींच्या हाताळणीची नोंद ठेवणारं सेटिंग वापरून पाहावं. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ते आहे, वेगळा पैसा लागत नाही. त्याच्याविषयी तक्रार एकच असते, ती नोंदींच्या पुराची. तक्रार खरी आहे, पण त्यातला बराचसा पूर चुकीच्या सेटिंगमुळे येतो.

ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजची सेटिंगं एका ठिकाणाहून ठरवायच्या सोयीत, 'ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशन'च्या 'ऑब्जेक्ट ॲक्सेस' गटात हे सेटिंग मिळतं. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर येत नाही, म्हणून प्रो लागतं. इथे 'सक्सेस'वर खूण करा. गर्दी कमी व्हावी म्हणून काही जण नुसतं 'फेल्युअर' ठेवतात आणि तिथेच फसतात: फाइल नेणं ही यशस्वी क्रिया आहे, ती मग नोंदलीच जात नाही. काही विंडोज १० आवृत्त्यांवर एवढं करूनही नोंद येत नाही. तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात) 'करंटकंट्रोलसेट'खालच्या 'कंट्रोल', 'स्टोरेज'मध्ये 'हॉटप्लगसिक्युअरओपन'ची किंमत १ करावी लागते.

दुसरी चूक म्हणजे सोबत त्याच गटातली 'फाइल सिस्टीम' आणि 'हँडल मॅनिप्युलेशन' (हँडल म्हणजे उघडलेल्या फाइलीला विंडोजने दिलेला दुवा) ही ऑडिट सेटिंगं चालू ठेवणं. रिमूव्हेबल स्टोरेजच्या ऑडिटला फोल्डरवर वेगळी ऑडिट परवानगी लावावी लागत नाही, ते ड्राइव्हवरच्या प्रत्येक वस्तूला आपोआप लागू होतं. त्यामुळे दुसऱ्या कामासाठी हवी नसतील तर ही दोन्ही बंद करा. हँडल मॅनिप्युलेशन बंद झालं की ४६५८ आणि ४६९० या क्रमांकांच्या नोंदी थांबतात. त्यांतून फाइल नेल्याचं काहीच कळत नसतं.

उरते ४६६३, आणि खरं काम तिच्यावरच आहे. मागितलेला हक्क प्रत्यक्ष वापरला गेला, असं ही नोंद सांगते. एका हँडलवर एका प्रकारची नोंद एकदाच होते, त्यामुळे ४ जीबीची एकच फाइल लॉग भरत नाही, पण ५०० फोटोंचा फोल्डर नक्की भरतो. पेनड्राइव्ह नुसता उघडला तरी एक्सप्लोरर लघुचित्रं वाचतो, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. ही सगळी वाचनं आहेत. संगणकावरून बाहेर काय गेलं हे पाहायचं असेल तर नोंदीतला 'ॲक्सेस मास्क', म्हणजे कोणता हक्क वापरला ते सांगणारा आकडा, पाहा: ०एक्स२ म्हणजे लिहिणं, ०एक्स४ म्हणजे शेवटी भर घालणं, ०एक्स१०००० म्हणजे डिलीट. नुसतं वाचन ०एक्स१ आणि गुणधर्म पाहणं ०एक्स८०. हे दोन्ही खुशाल गाळा. डिलीट मात्र गाळू नका. फाइलचं नाव बदललं तरी डिलीटचाच हक्क वापरला जातो, आणि कोणी 'कट' करून फाइल ड्राइव्हवरून हलवली तर तिचा मागही तिथेच सापडतो.

प्रोसेस किंवा मास्क पाहून नोंद होण्याआधीच गाळायची सोय विंडोजच्या या पॉलिसीत नाही. हीच तिची खरी उणीव. गाळणी इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी पाहायच्या विंडोजमधल्या साधनाच्या कस्टम व्ह्यूत किंवा नोंदी एका सर्व्हरवर गोळा करताना लावायची. 'फिल्टर'च्या एक्सएमएल टॅबमध्ये इव्हेंट ४६६३, टास्क १२८१२ (म्हणजे रिमूव्हेबल स्टोरेज) आणि हवे ते मास्क लिहा. मग 'सप्रेस' (नको त्या नोंदी वगळणारी सूचना) वापरून एस-१-५-१८ हे विंडोजचं स्वतःचं सिस्टीम खातं वगळा. ड्राइव्ह लावताच विंडोज स्वतः 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फोल्डरमध्ये लहान फाइली लिहितो, त्या यात गळतात. पण सिस्टीम खात्याने यूएसबी डिस्कवर घेतलेला बॅकअपही त्याबरोबर दिसेनासा होतो, हे ठाऊक असू द्या. या क्वेरीत नावाचा अर्धवट भाग जुळवता येत नाही, म्हणून वर्डच्या तात्पुरत्या '.टीएमपी' फाइली इथे गळत नाहीत. त्या नंतर पॉवरशेलने, म्हणजे विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनाने, काढाव्या लागतात.

गाळणी लावली तरी मूळ लॉग भरतच राहतो. या नोंदी जिथे जमतात त्या सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबी आहे. भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. ती १ जीबी करा, नाहीतर सोमवारी पाहायला बसल्यावर शुक्रवारची नोंद उरलेली नसेल.

सगळं झाल्यावर चाचणी घ्या. पेनड्राइव्हवर एक फाइल टाका, दहा फाइलींचा फोल्डर टाका, एक फाइल पुसा, एक कट करून संगणकावर आणा. चारही गोष्टी व्ह्यूत दिसल्या पाहिजेत. नोंदीत ड्राइव्हचं अक्षर नसून 'हार्डडिस्कव्हॉल्यूम५' असं नाव येतं, आणि तो आकडा बदलू शकतो. नेमका कोणता ड्राइव्ह हे कळायला 'पीएनपी ॲक्टिव्हिटी' (उपकरण जोडल्याची नोंद ठेवणारं ऑडिट) चालू करून विंडोज १० पासून मिळणारी ६४१६ ही नोंद वेळेवरून जुळवावी लागते. फाइल संगणकावरच्या कुठल्या फोल्डरमधून गेली, ते मात्र ४६६३ सांगत नाही.

वीसेक संगणकांच्या कार्यालयाला हे पुरतं. वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यात, जिथे ड्राइव्हवर लिहायची गरजच नसते, तिथे ग्रुप पॉलिसीतलं 'रिमूव्हेबल डिस्क्स: डिनाय राइट ॲक्सेस' हे लिहायला बंदी घालणारं सेटिंग लावणंच योग्य. मोबाइल केबलने जोडून फाइली नेल्या तर ४६६३ येतच नाही, कारण एमटीपी या फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीने जोडलेला फोन ड्राइव्ह म्हणून धरला जात नाही. त्यासाठी त्याच यादीतलं 'डब्ल्यूपीडी डिव्हायसेस: डिनाय राइट ॲक्सेस' (डब्ल्यूपीडी म्हणजे फोनसारखी जोडलेली उपकरणं) वेगळं लावा.